दोन देर्विद, एक खुर्ची

बिगूल वाजला आणि मी उभी राहिले.

चॅपेलच्या मागच्या दालनात दीडशे माणसं दाटीवाटीनं बसलेली, खिडक्यांतून मे महिन्याचं ऊन आत आलेलं, आणि मी नेसलेली अंजिरी इरकल. सगळ्या करड्या-काळ्या कोटांमध्ये ती दिसली नाही असं होणं शक्यच नव्हतं. तरी एकही मान माझ्याकडे वळली नाही. सगळे पुढे बघत होते. कारण माझ्यापुढे तीन रांगा सोडून, काठीवर भार देत, जमिनीतून खुंट उपटावा तसे स्वतःला उपटत, ग्विलिमकाका उभे राहत होते.

मंचावर इद्रिस पोस्टमास्तर होता. एरवी तिकिटं विकणारा हा माणूस त्या एका दिवसापुरता गावाचा महादेर्विद, म्हणजे कवितेच्या जत्रेचा मुख्य, असे. अंगात जुन्या हिरव्या पडद्याचा झगा, डोक्यावर पितळी पानांचा मुकुट, आणि आवाज असा की कौलं हलावीत.

"देर्विद!" तो गरजला. "देर्विद या टोपणनावानं लिहिणारा कवी अखेर उभा राहिला आहे!" मग त्याची नजर फिरत फिरत माझ्यावर येऊन थांबली. आवाज खाली आला. "सिस्टर सगुणा, बाहेर जायचंय का? दार डावीकडे आहे."

"नाही," मी म्हणाले. "मीच... म्हणजे मी देर्विद."

आता मात्र दीडशे माना एकदम वळल्या. त्यातली एक ग्विलिमकाकांची होती.

ही गोष्ट चौऱ्याहत्तर सालची. वेल्सच्या पश्चिमेकडचं ते खेडं. त्याचं नाव नीट उच्चारायला मला सहा महिने लागले होते, म्हणून ते इथं लिहून तुम्हाला छळत नाही. मी नेवासे तालुक्यातली, रणपिशांची सगुणा. मिशनच्या दवाखान्यात नर्सिंग शिकले आणि तिकडच्या जिल्हा रुग्णालयात नोकरीला गेले. तिथल्या वॉर्डातल्या म्हाताऱ्या बायांना दुखणं इंग्रजीत सांगता येत नसे. कळ आली की तोंडी वेल्श येई. मग मीही ती शिकले, आधी दुखण्याचे शब्द, मग जेवणाचे, आणि सगळ्यात शेवटी झाडापानांचे. हे शेवटचे शिकवले ग्विलिमकाकांनी.

ते पाय मोडून माझ्या वॉर्डात सात आठवडे होते. पहिल्याच दिवशी मी विचारलं, "मिस्टर प्रिदर्ख, काय होतंय?" माझ्या तोंडून 'काय' अगदी मराठी निघालं आणि ते खूश झाले. त्यांच्या भाषेत 'काय' म्हणजे शेत. "बघा," ते शेजारच्या खाटेला म्हणाले, "पोरगी आल्या आल्या माझ्या शेताची चौकशी करते! माणसाची नाही, शेताची. हिला कळतं काय विचारायचं ते."

त्या दिवसापासून मी त्यांची 'पोरी' झाले. आमच्याकडे वडीलधाऱ्यांना नुसत्या नावानं हाक मारत नाहीत, असं मी सांगितल्यावर ते माझे 'ग्विलिमकाका' झाले. 'काका' हा शब्द त्यांनी इतका मनावर घेतला की पुढे गावातली पोरंसोरंही त्यांना तसंच म्हणू लागली.

पाय बरा झाला, पण आमचं बोलणं संपलं नाही. रविवारी उपासना झाली की मी त्यांच्या शेतावर जाई. त्यांच्या सात शेतांना सात नावं होती. विहिरीचं, वासरांचं, विधवेचं... आणि वरच्या अंगाला, डोंगराला टेकलेलं एक, काय'र देर्विद. देर्विदचं शेत.

"देर्विद कोण?" मी विचारलं.

"देर्विद म्हणजे..." काकांनी टोपी मागं सरकवली. "येशूचं नाव इथं पोचायच्या आधीचा माणूस. पुजारी म्हण, वैदू म्हण, न्यायाधीश म्हण. गावाचं सगळं ज्याच्या डोक्यात, तो. लिहून काही ठेवलं नाही त्या लोकांनी. सगळं पाठ. म्हणून तर पुसले गेले. पलीकडच्या खोऱ्यात एका वाडीचं नावच देर्विद आहे. आणि आपल्याकडे हे शेत."

"पण इथं तर काहीच नाही. दगड नाही, देऊळ नाही."

"ओकचं झाडसुद्धा नाही," ते म्हणाले. "आणि 'देरू' म्हणजे ओक. शहाणे लोक सांगतात, देर्विद म्हणजे ओक जाणणारा. 'देरू' झाड, आणि मागचं 'विद' म्हणजे जाणणं. आमचे पाद्री मात्र म्हणतात की हे सगळं मागाहून रचलेलं आहे. पाद्रीबुवांचं काय, त्यांना झाडात फक्त शवपेटीच्या फळ्या दिसतात."

मी तिथंच बांधावर बसले. आमच्या शाळेत जोशी मास्तर संस्कृत शिकवायचे. दुपारच्या पेंगेत पाठ केलेलं ते सगळं एकदम जागं झालं.

"काका, आमच्याकडे विद् म्हणजे जाणणं. विद्या, विद्वान, वेद. आणि दारु म्हणजे लाकूड. देवदार म्हणतो ना आम्ही, देवाचं झाड."

काकांनी टोपी डोक्यावरून काढली, जशी ते फक्त प्रार्थनेला काढत.

"म्हणजे हा तुमच्याकडून इथं आला?"

"नाहीतर तुमच्याकडून तिकडं गेला."

"छे! कुणी कुठं गेलं नसेल. एकाच आईची दोन लेकरं असतील, एक उन्हात वाढलं, एक पावसात," ते म्हणाले. "पोरी, शेहेचाळीस वर्षं हे शेत नांगरतोय. आज पहिल्यांदा त्याच्याकडून कुणीतरी उत्तर दिलं."

एवढंच झालं होतं त्या रविवारी. घरी परतताना मला वाटलं, चला, एका म्हाताऱ्याला खूश केलं.

आता त्या खुर्चीबद्दल सांगायला हवं, कारण काकांचा जीव त्या खुर्चीत अडकलेला होता.

त्या मुलखात गावोगाव गाण्या-कवितांची एक जत्रा भरते, आयस्टेदवॉद म्हणतात तिला. गाणारे गातात, मुलं पाठांतर म्हणतात, आणि सगळ्यात मोठा मान कवितेचा. त्या मानाला ढाल नाही, पेला नाही. खुर्ची देतात. खरीखुरी ओकची खुर्ची, गावच्या सुतारानं हिवाळाभर खपून केलेली. जिंकणाऱ्याचं टोपणनाव पुकारतात, बिगूल वाजला की त्या कवीनं जागेवर उभं राहायचं; मग त्याला सगळ्या गावासमोर तीत बसवतात आणि ती त्याची. त्या गावी घर केवढं, गाई किती, हे कुणी विचारत नसे. घरात खुर्ची आहे का, एवढं विचारत.

ग्विलिमकाकांनी एक्केचाळीस वर्षं कविता पाठवली होती. नऊ वेळा त्यांचा दुसरा नंबर आला होता.

"दुसऱ्या नंबराला काय देतात?" मी एकदा विचारलं.

"हस्तांदोलन," ते म्हणाले. "नऊ वेळा इतकं हलवलंय की खांदा निखळायचा बाकी आहे."

हसायचे स्वतःवर. पण त्या वर्षी डोळ्यांच्या डॉक्टरांकडून आले तेव्हा हसले नाहीत. डावा गेलाच होता, उजव्यात धुकं चढत होतं. "पुढच्या वर्षी मला माझीच ओळ दिसायची नाही," ते म्हणाले. "यंदा शेवटचं पाठवतो. मग सुटलो." सुटलो म्हणताना त्यांचा हात नुसताच टेबलावरून फिरत होता.

कवितेचा विषय त्या वर्षी होता 'नाव'. आणि काकांनीच माझ्या मागे टुमणं लावलं. "तूही पाठव. नंबर येणार नाही, पण पंचाला कळेल तरी की आपली भाषा अजून नवी माणसं जोडते."

मी हो म्हटलं नाही, ना म्हटलं नाही. पण रात्रपाळीहून आल्यावर सकाळी कणीक मळताना ओठांवर काहीतरी आलं. माझी आई आणि शेजारची लक्ष्मीबाई एका जात्याला बसायच्या. खुंटा एक, हात दोघींचे. आईनं ओवीतून विचारायचं, लक्ष्मीबाईनं उत्तर द्यायचं. त्याच चालीवर मला त्या शेताचं बोलणं सुचत गेलं. आधी आमच्या नेवाशाच्या बोलीत यायचं, मग त्याला वेल्शचा अंगरखा चढवायचा. पाच कडवी झाली. मी कुणालाच सांगितलं नाही.

कविता टंकलिखितच पाठवावी लागे, कारण गावात प्रत्येकाला प्रत्येकाचं अक्षर ओळखू येई. टाइपरायटर अख्ख्या गावात एकच, चॅपेलच्या ऑफिसात. त्याची किल्ली जत्रेची चिटणीस ओल्वेन बाई कुंडीखाली ठेवी, मुद्दामच, म्हणजे कोण येऊन गेलं ते तिला कळू नये. टाइपरायटरशेजारी कागद असत ते स्तोत्रांचे नंबर लिहायचे, पोस्टकार्डाएवढे. एका कागदावर एकच कडवं मावे. वर कडव्याचा आकडा, खाली टोपणनाव. खरं नाव वेगळ्या बंद पाकिटात घालायचं, आणि पाकिटावर पुन्हा टोपणनावच.

टोपणनाव काय घ्यायचं याचा मी फार विचार केला नाही. शेताला जो ठाऊक होता त्याचंच घेतलं.

तर अशी मी उभी होते, इरकल सावरत, आणि काका माझ्याकडे त्या धुकट डोळ्यानं बघत होते.

"पोरी," ते म्हणाले, "तू माझ्या शेताचं नाव घेतलंस?"

"आणि तुम्ही? तुम्ही तर दरवर्षी पक्ष्याचं नाव घेता! मागच्या वर्षी टिटवी होतात."

"एक्केचाळीस वर्षं पक्षीच घेतले. सगळे उडून गेले. यंदा म्हटलं, जो जागेवर राहिलाय त्याला घ्यावं."

हॉलमध्ये खसखस पिकली. इद्रिसनं मुकुट सरळ केला. "शांतता! दोघांपैकी एकजण कृपा करून खाली बसा."

मी लगेच वाकले. माझं हे नवखं काहीतरी, आणि तिकडं काकांची शेवटची खेप. मला कुठली खुर्ची! "चूक झाली माझी," मी म्हणाले. "कविता काकांचीच असणार."

"बसलीस तर याद राख," काका ओरडले. "पंचसाहेब, पहिली ओळ वाचा. सोक्षमोक्ष लागेल."

पंच होते रेव्हरंड तालफ्रिन, दूरच्या गावाहून आलेले, बगळ्यासारखे उंच. निकाल सांगताना ते एवढंच म्हणाले होते की यंदाच्या कवितेत एक आवाज विचारतो आणि दुसरा सांगतो, आणि असं काही त्यांनी वीस वर्षांत वाचलेलं नाही. ते ऐकून मला आपली लक्ष्मीबाई आठवली होती, एवढंच. त्यांनी आता टाचणी लावलेला गठ्ठा उघडला आणि वाचलं. मी ते इथं आपल्या बोलीत सांगते:

नांगर धरिला बापानं, त्याच्या बापानं, म्या धरिला,
सांग रं माझ्या शेता, तुझा देर्विद कुठं गेला?

"माझी!" काका म्हणाले. "माझी आहे ती."

मी डोळे मिटले. देवा, मिळाली त्यांना. मी खाली बसणार, तेवढ्यात पंचांनी पान उलटलं आणि पुढचं वाचलं:

गेला न्हाई कुठं बाई, मातीमंदी तो बसला,
ज्यानं वळखिलं झाड, त्याच्या डोळ्यांत हसला.

"ही?" काका गोंधळले. "ही माझी नाही."

सगळा हॉल माझ्याकडे बघायला लागला. "ती... माझी आहे," मी म्हणाले.

तेव्हा दुसऱ्या रांगेत ओल्वेन बाईनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

"ओल्वेन," इद्रिस म्हणाला, "काय केलंस?"

"मी काही केलं नाही!" ती उठली. "कवितांची पेटी स्वयंपाकघरातल्या टेबलावर उपडी केली. सगळे कागद एकमेकांत गेले. या टोपणनावाचे दहा कागद. दोन एक, दोन दोन, दोन तीन... सगळे एकाच टाइपरायटरचे! म्हटलं, कवीनं मुद्दाम दोन आवाज केले असतील. जोड्या लावल्या, टाचणी लावली, पाठवलं."

"आणि पाकिटं? ती दोन नव्हती?"

"होती! वाटलं, विसरभोळा कवी आहे, दोनदा टाकलं. तुम्ही कवी लोक एका पायात दोन मोजे घालून येता, इद्रिस, दोन पाकिटांचं मला काय नवल!"

हसण्याची लाटच उसळली. पण पहिल्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "नियम एका कवीचा आहे," आणि हसू विरलं. इद्रिसनं पडद्याच्या झग्यातून नियमांची वही काढली. एक कविता, एक कवी, एक खुर्ची. लिहिलेलंच होतं.

"पंचसाहेब," तो म्हणाला, "वेगवेगळ्या धरल्या तर कुणाची वरचढ?"

रेव्हरंड तालफ्रिननी टाचणी काढली. पाच कागद डाव्या हातात, पाच उजव्या. डावे वाचले, उजवे वाचले. माझ्यापुढे तीन रांगांवर काकांची मान पुढे झुकली होती. मला फक्त ती मान दिसत होती.

"वेगळ्या केल्या तर," पंच म्हणाले, "दोघांनाही मी तिसरा नंबर देईन. यातला एक नुसता विचारत बसतो. दुसरी कुणी न विचारताच सांगत सुटते. खुर्ची शेजारच्या खोऱ्यातल्या एका शाळामास्तरांना जाईल."

काका हळूच खाली बघू लागले. मागच्या कोपऱ्यात तो शाळामास्तर बहुतेक बसलेलाच होता, कारण तिथून कुणीतरी घसा खाकरला.

"पण," पंचांनी सगळे कागद पुन्हा एकात एक घातले, "माझ्या टेबलावर जे आलं ते वेगळं नव्हतं. ते वाचून मी चहा प्यायचा विसरलो. ते कुणी लिहिलं, मला विचाराल, तर मी म्हणेन, देर्विदनं. तो एक आहे की दोन, ते तुम्ही ठरवा. गाव तुमचं आहे."

ते ठरवायची गावाची रीत होती. इद्रिसनं आम्हाला दोघांना मंचावर बोलावलं. खुर्चीपुढे उभं केलं. मी काकांना कोपरानं पुढे ढकलत होते, ते मला काठीनं. मग इद्रिसनं म्यानातून तलवार अर्धी बाहेर काढली. पुरी कधीच काढत नाहीत, कारण त्या लोकांचा देर्विद लढणाऱ्यांच्या मध्ये उभा राहणारा. अशी अर्धी तलवार धरून तीनदा विचारतात, शांती आहे का? गावानं तीनदा 'शांती' म्हटलं की कुणाची हरकत नाही असं समजायचं. मग कवी बसतो.

"शांती आहे का?" इद्रिस गरजला.

"शांती!" गाव म्हणालं. जरासं चाचरत, पण म्हणालं.

"शांती आहे का?"

"शांती!" या वेळी मागच्या कोपऱ्यातूनही आवाज आला, आणि मला वाटतं, तोच सगळ्यात मोठा होता.

इद्रिसनं तिसऱ्यांदा श्वास भरला. मी काकांच्या पाठीवर हात ठेवला, आता बसवतेच म्हणून. आणि काका म्हणाले,

"नाही."

त्या प्रश्नाला 'नाही' म्हटलेलं त्या गावात जिवंत माणसांपैकी कुणी ऐकलं नव्हतं. इद्रिसची तलवार तशीच अर्धी राहिली.

"ग्विलिम, वेडा झालास का?" ओल्वेन बाई ओरडली. "एक्केचाळीस वर्षं!"

"म्हणूनच," काका म्हणाले. "एक्केचाळीस वर्षं मी विचारत होतो आणि नंबर दुसरा येत होता. आज कळलं का ते. उत्तर देणारी नेवाशाला होती. आता ती उभी आणि मी बसलेला, असं असेल तर माझ्या मनात शांती नाही. आणखी एक खुर्ची आणा."

"खुर्ची एकच आहे!"

"ओकची एक आहे. बसायच्या चिकार आहेत."

रविवारच्या शाळेतली एक घडीची लाकडी खुर्ची, पाठीवर मुलांनी नावं कोरलेली, दोन तरण्या गड्यांनी डोक्यावरून मंचावर आणली. ओकच्या खुर्चीला चिकटवून ठेवली. काका मला म्हणाले, "तू ओकच्या खुर्चीत बस. पाहुणी आहेस."

"पाच वर्षं झाली मला इथं. कसली पाहुणी!"

"मग वयानं लहान आहेस, ऐक."

मी काय करणार होते? म्हातारा हट्टी होता, पण मी नऊ तास वॉर्डात उभी राहणारी बाई. ते काठी सावरेपर्यंत मी झपकन जाऊन घडीच्या खुर्चीत बसले आणि दोन्ही हातांनी ती घट्ट धरली.

"ऊठ," काका म्हणाले.

"नाही उठत. पाय दुखतात."

"पोरी!"

"ड्यूटीवरून आलेय. उठवून दाखवा."

हॉल पार वेडा झाला होता. बाया पदराऐवजी टोप्यांनी डोळे पुसत होत्या. इद्रिसला हसू आवरेना, पण त्यानं तलवार उचलली आणि आमच्या दोघांच्या डोक्यांवर आडवी धरली.

"शेवटचं विचारतो," तो म्हणाला. "आणि ग्विलिम, या खेपेला तू गप्प बस. शांती आहे का?"

मी आयुष्यात बरेच आवाज ऐकले, गावच्या यात्रेतले, समुद्राचे. पण दीडशे माणसं एका दमात 'शांती' म्हणून ओरडतात तेव्हा जे होतं, त्याला नाव नाही. खिडकीची काच झणझणली. बिगूलवाला आपला बिगूल विसरून ओरडत होता. मीही ओरडले.

आणि ग्विलिमकाका बसले. आधी हात टेकवले, ओकच्या त्या गुळगुळीत हातांवर. मग वाकले. मग जपून, जणू खाली कुणी निजलेलं आहे, असे टेकले. डोळे मिटले. मी त्यांच्याकडे बघत होते, अख्खं गाव बघत होतं. एक्केचाळीस वर्षांनंतर हा माणूस आता काय म्हणणार?

त्यांनी उजवा डोळा उघडला आणि माझ्याकडे झुकले.

"पोरी," ते कुजबुजले, "फारच कडक आहे गं बसायला."

आणि आम्ही दोघं असे हसत सुटलो की कविता वाचायला पंचांना पाव तास थांबावं लागलं.